प्रितमचा शनिवारचा मासा

वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी प्रितम ऑफिसमधून घरी आला, तेव्हा दिवाणखान्यात एक लांबच लांब पुठ्ठ्याची नळी आडवी पडली होती. तिचं एक टोक टीव्हीखाली होतं आणि दुसरं थेट जेवणाच्या टेबलाखाली. नळीच्या मागे त्याची बायको प्रणिता, नागपूरहून सहा महिन्यांसाठी परदेशी आलेली आई जाईबाई आणि नऊ वर्षांची मुलगी सलोनी अशा तिघी ओळीने उभ्या होत्या.

"पडद्याचा रॉड आणलास?" त्याने विचारलं.

"रॉडच आहे," प्रणिता म्हणाली, "पण पडद्याचा नाही. उघड तर."

प्रितमने एका बाजूचं झाकण काढून नळी तिरकी केली. आतून मासे धरायची एक काळी कुळकुळीत काठी सरसरत बाहेर आली, आणि येतच राहिली. ती संपली तेव्हा प्रितम सोफ्यावर बसला होता. मस्की नावाचा मासा धरायची काठी आहे, जिवंत आमिषासाठी मुद्दाम निवडून घेतली आहे, आता दुसऱ्याच्या काठीवर अवलंबून राहायला नको, असं प्रणिता एका दमात सांगत होती. सांगता सांगता तिने सासूला कोपराने हळूच ढोसलं. "बघा ना आई, डोळ्यांत पाणी आलं याच्या."

पाणी आलं होतं, हे खरं आहे. का आलं होतं, हे कळण्यासाठी प्रितमच्या शनिवारांबद्दल थोडं सांगावं लागेल.

अ‍ॅशबर्नमधल्या एका डेटा सेंटरमध्ये प्रितम कामाला होता. तिथली यंत्रं रात्रंदिवस घोंघावत असत आणि आठवड्याचे पाच दिवस प्रितम त्यांच्या तैनातीत असे. रविवारी मंडळाची बुद्धवंदना, मुलांचा वर्ग आणि मग कुणाच्या तरी घरी सगळ्यांचं जेवण असे. राहता राहिला शनिवार. त्यात सकाळी सलोनीचा पोहण्याचा क्लास, मग महिन्याभराचं सामान एकदम देणाऱ्या त्या अवाढव्य दुकानात फेरी, मग पानं गोळा करणं, मग गॅरेज. मागच्या वर्षी एका शनिवारी तो अनुपकडे ड्रिल मशीन परत द्यायला गेला. अनुप त्याच्याच टीममधला, तोही नागपूरचा, अजून एकटा, आणि शेजारच्या स्टर्लिंगमध्ये एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहणारा. त्या बेसमेंटला खिडकी नव्हती, फोनला रेंज नव्हती आणि सोफा मात्र फार मऊ होता. प्रितम पाच मिनिटं टेकला तो दोन तासांनी उठला. मग कॅरमचे दोन डाव झाले. मग अनुपने खिमा केला.

घरी आल्यावर प्रणिताने कुठे होतास म्हणून विचारलं, आणि प्रितमच्या तोंडून निघून गेलं, की अनुपबरोबर मासे धरायला गेलो होतो. वाटेत त्याच्या पुढे बोट ओढत एक ट्रक चालला होता, एवढंच त्याला कारण. पुढच्या शनिवारी तो पुन्हा गेला. तेव्हा प्रणिताने सहज विचारलं, की मासे कुठे आहेत. प्रितमने बाथरूममध्ये जाऊन फोनवर शोधलं आणि त्याला मस्की सापडला. हा मासा असा, की पट्टीचे गळवाले वर्षानुवर्षं त्याच्यामागे हिंडतात तरी तो लागत नाही, आणि लागलाच तर त्याचा फोटो काढून त्याला पुन्हा नदीत सोडून देतात. म्हणजे रिकाम्या हाताने घरी येणं हीच मस्की धरणाऱ्याची ओळख. आणखी काही आठवड्यांनी प्रणिताने विचारलं, की दिवसभर गळ फेकून तुझा खांदा कसा दुखत नाही. तेव्हा त्याने जिवंत आमिषाची माहिती काढली. त्यात फेकाफेक नसते. एक जिवंत मासा गळाला लावून पाण्यात सोडायचा आणि खुर्चीत बसून राहायचं. त्यामुळे तो शनिवारी दुपारी इतका ताजातवाना का दिसतो, याचाही उलगडा झाला. खोटं बोलणाऱ्याला इतकं सोयीचं खोटं फार क्वचित मिळतं.

एका गोष्टीचा हिशोब मात्र त्याने केला नव्हता, तो प्रणिताच्या स्वभावाचा. ती फार्मसिस्ट. औषधाच्या खोक्यातला तो घडीचा कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचणाऱ्या जगातल्या मोजक्या माणसांपैकी एक. एवढ्या थंडीत नवरा दर शनिवारी दुसऱ्याची काठी घेऊन नदीवर बसतो, आणि आपण त्याला वर्षभरात धड चार प्रश्नही विचारले नाहीत, याचं तिला वाईट वाटू लागलं. वाढदिवस आला तशी तिने एक दिवस सुट्टी काढली, जाईबाईंना गाडीत घातलं आणि विंचेस्टरच्या वाटेवरचं डार्लीनचं दुकान गाठलं.

डार्लीन साठीची, उंच, मोठ्या आवाजाची बाई होती. दुकानात तीन भिंतींना नुसत्या काठ्याच काठ्या होत्या. तिने प्रणिताला विचारलं, की नवरा बोटीतून धरतो की काठावरून, आमिषाचा मासा केवढा लावतो, आणि सध्याची काठी किती लांब आहे. प्रणिताला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. प्रितमला विचारावं तर गुपित फुटणार. म्हणून तिने अनुपला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"अनुप, तुम्ही मस्कीला वापरता ती काठी किती लांब आहे?"

अनुप त्या दिवशी घरून काम करत होता, त्यामुळे त्याचा फोन वायफायवर लागला.

"कोणती काठी, वहिनी?"

"अरे, मासे धरायची. प्रितम तुझीच वापरतो ना?"

"हां, ती. ती नॉर्मल आहे."

"नॉर्मल म्हणजे किती?"

अनुपच्या समोर भिंतीला कॅरम बोर्ड टेकवून ठेवला होता. "असेल तीन फूट," तो म्हणाला.

प्रणिताने ते डार्लीनला सांगितलं. डार्लीन म्हणाली, की तीन फुटांची काठी गोठलेल्या तळ्यावर स्टूल टाकून, बर्फाला भोक पाडून मासे धरणारे वापरतात. शेनँडोआ नदीवर तिने तरी आजवर तसं कुणाला पाहिलेलं नाही. प्रणिताने हे अनुपला कळवलं.

"मग नऊ धरा, वहिनी."

"तिनाचे एकदम नऊ?"

"ओढली की लांब होते ती, यार," अनुप म्हणाला, आणि मीटिंग सुरू झाली म्हणून त्याने फोन ठेवला. त्याआधी प्रणिताने त्याच्याकडून वचन घेतलं होतं, की प्रितमला यातला एक शब्दही कळता कामा नये. अनुपने ते पाळलं. रविवारच्या जेवणात तो प्रणिताच्या हातचंही जेवत होता आणि त्याला ते पुढेही जेवायचं होतं.

हे बोलणं चालू असताना जाईबाई आमिषाच्या माशांची टाकी बघत उभ्या होत्या. अनुपने फोन ठेवल्यावर त्यांनी एकदा सुनेकडे बघितलं आणि पुन्हा टाकीकडे तोंड केलं.

अनुपचा नाद सोडून डार्लीनने स्वतःच समजावून सांगायला घेतलं. खोटा, लाकडाचा नाहीतर रबराचा मासा फेकायचा तर काठी ताठ लागते. पण गळाला जिवंत मासा असेल, तर ताठ काठीच्या हिसक्याने तो फाटून सुटतो. म्हणून काठी लांब हवी, तिचा शेंडा मऊ हवा, म्हणजे मासा अलगद पाण्यात सोडता येतो. बुंधा मात्र दणकट पाहिजे, कारण मस्कीचा जबडा हाडाचा असतो आणि गळ त्यात रुतवावा लागतो. मग तिने एकेक काठी प्रणिताच्या हातात दिली, दोरीचं टोक स्वतः धरलं आणि ओढायला सांगितलं. पहिली काठी वाकलीच नाही. दुसरी पार मुठीपर्यंत वाकली. तिसरी, साडेआठ फुटांची, शेंड्याकडून हळूहळू वाकत आली आणि मध्यावर येऊन अशी थांबली, की प्रणिताच्या हातांना पलीकडच्या जोराचा नेमका अंदाज आला. तिने ती सोडलीच नाही. डार्लीन हसली आणि म्हणाली, की हीच.

प्रितमला हे सगळं संध्याकाळी चहाबरोबर ऐकावं लागलं. शेवटी प्रणिताने सांगितलं, की उद्या सगळे मिळून नदीवर जायचं, अनुपलाही बोलावलंय, डार्लीन स्वतः जिवंत मासे घेऊन येणार आहे, आणि मी माझा मासे धरायचा परवानाही काढून घेतलाय. तुझा परवाना तर असेलच.

"म्हणजे काय," प्रितम म्हणाला आणि बाथरूममध्ये गेला. तिथे त्याने फोनवर परवाना काढला आणि अनुपला फोन करून दबक्या आवाजात झाडलं. अनुपचं म्हणणं, वहिनींनी वचन घेतलं होतं. मग दोघांनी ठरवलं, की आपापल्या घरी मस्कीचे व्हिडिओ बघायचे. प्रितम इतका वेळ बाहेर आला नाही, की सलोनीने दार वाजवून "डॅडी, आर यू ओके?" असं दोनदा विचारलं.

सकाळी काठी गाडीत तिरकी घालावी लागली. तिची मूठ पुढे काचेला टेकली होती आणि शेंडा मागच्या सीटवर जाईबाई आणि सलोनी यांच्या मधून डिकीत गेला होता. नोव्हेंबरची सुरुवात होती, डोंगरांवरची बरीच पानं गळून गेली होती. नदीकाठी अनुप आधीच येऊन उभा होता आणि फाशी जाणाऱ्या माणसाचा असावा तसा त्याचा चेहरा होता.

डार्लीनने प्रितमचा हात जोरजोरात हलवला आणि विचारलं, की तुम्ही दोघं नेहमी नदीच्या कोणत्या भागात बसता. प्रितम "वरच्या अंगाला" म्हणाला आणि अगदी त्याच क्षणी अनुप "खालच्या अंगाला" म्हणाला. डार्लीनने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. तिने बादलीचं झाकण उघडून प्रितमला घ्या म्हणून खूण केली. बादलीत सकर नावाचे मासे होते, एकेक कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताएवढा.

प्रितमने आयुष्यात जिवंत मासा हातात धरला नव्हता. त्याने दोन बोटांनी शेपटी पकडली. माशाने एक फटका मारला, त्याच्या बुटावर आपटला आणि गवतातून टणाटण उड्या मारत उताराला लागला. अनुप बाजूला झाला. जाईबाई पुढे झाल्या, त्यांनी शालीचं टोक टाकून मासा कल्ल्याखाली दाबून धरला आणि सुनेच्या हातात दिला.

"आज तुझा पहिला दिवस आहे," प्रितम प्रणिताला म्हणाला. "तूच लाव. मी तर नेहमीच लावतो."

प्रणिताला हे फार समजूतदारपणाचं वाटलं. डार्लीनने दाखवलं तसा तिने मासा गळाला लावला आणि काठी मागे नेऊन अलगद पुढे आणली. आमिष जराही न दुखावता पाण्यात उतरलं. काठी जमिनीत रोवलेल्या स्टँडमध्ये उभी केली. डार्लीनने रिळावरचं एक बटण सरकवलं. मासा लागून दोरी ओढली गेली, की आता रीळ आवाज करणार होतं. आवाज आला की थांबायचं नाही, लगेच काठी उचलून हिसका द्यायचा, असं बजावून ती पलीकडे आपल्या ट्रकपाशी गेली. प्रणिता सगळ्यांसाठी चहा ओतायला गाडीकडे गेली. काठीपाशी घडीच्या दोन खुर्च्यांवर वर्षभराचे दोन अनुभवी राहिले.

आता शनिवारची सकाळ होती. वर्षभर प्रितमचं शरीर या वेळेला एकच काम करत आलं होतं. ऊन अंगावर आलं आणि त्याची मान छातीवर पडली. अनुपने त्याच्याकडे बघितलं आणि त्यालाही राहवलं नाही.

रीळ कर्र्र करून वाजायला लागलं, तेव्हा प्रितमने डोळे न उघडता खिशात हात घातला आणि फोनचा अलार्म बंद केला. तरी आवाज थांबेना. त्याने तो पुन्हा बंद केला. तोवर काठी कमानीसारखी वाकली होती आणि स्टँड मुळापासून हलायला लागला होता. जाईबाईंनी प्रणिताला हाक मारली. प्रणिताने हातातला चहाचा कप गाडीच्या टपावर ठेवला आणि ती पळत आली. स्टँड आडवा पडला आणि काठी पाण्याकडे घसरली. प्रणिताने उताराला झोकून देऊन ती मुठीला पकडली, पाय रोवले आणि सगळा जोर लावून हिसका दिला. त्या झटक्यात प्रितमची खुर्ची लवंडली आणि त्याला जाग आली.

काठी वाकायची, प्रणिता दोन पावलं पुढे जायची, मग काठी सैल व्हायची आणि ती भराभर रीळ फिरवायची. दुकानात हाताला लागलेला तो अंदाज आता तिच्या कामी येत होता. शेवटी काठाजवळ पाणी घुसळलं आणि एक लांब, हिरवट, पट्ट्यापट्ट्यांचा मासा वर आला. त्याचं तोंड बघून अनुप खुर्चीवर चढला. डार्लीनने जाळी पाण्यात घातली आणि दांडा धरायला प्रितमला बोलावलं. त्याने तो धरला, आणि नेमका त्याच वेळी अनुपने फोटो काढला.

मोजला तर मासा जवळजवळ सलोनीच्या खांद्यापर्यंत येत होता. डार्लीनने पकडीने गळ काढला आणि आता याला सोडायचं म्हणून सांगितलं. जाईबाईंना हे पटेना. "एवढा मासा सोडता काहून? अख्खी गल्ली जेवली असती," त्या म्हणाल्या. प्रणिता मात्र त्या गार पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरली होती. एक हात शेपटीशी, एक पोटाखाली, अशी ती मासा धरून उभी राहिली. त्याचे कल्ले हळूहळू हलायला लागले, मग त्याने एक झोका घेतला आणि तो तिच्या हातातून निघून गेला.

ती वर आली तेव्हा तिचे दात वाजत होते. प्रितमने आपलं जाकीट काढून तिच्या अंगावर घातलं. तिला सगळं खरं सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. इतका खजील तो आजवर कधी झाला नव्हता.

"प्रणिता, मला तुला एक सांगायचंय."

"थांब, आधी मला सांगू दे," ती म्हणाली. "मला वर्षभर वाटत होतं, की तू आम्हाला टाळायला म्हणून इथे येतोस. घराचा, सामानाचा, सगळ्याचा कंटाळा येऊन. आज कळलं तू का येतोस. मला माफ कर. हां, आता तू सांग, काय म्हणत होतास?"

प्रितमने नदीकडे बघितलं. "काही नाही. जाकिटाची चेन लाव, म्हणत होतो."

अनुपने तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. फोटोत जाळी होती, जाळीत मासा होता आणि जाळीचा दांडा प्रितमच्या हातात होता. प्रणिता काठी धरून पाण्याकडे वाकल्यामुळे तिची फक्त पाठ आली होती. घरी पोचेपर्यंत अभिनंदनाचा पाऊस पडला. जय भीम, प्रितमभाऊ, चिकाटीला सलाम. वर्षभराची तपश्चर्या फळाला आली. मंडळाचं सगळं बघणाऱ्या विवेकने तर लिहिलं, की पुढच्या रविवारी मुलांना 'प्रयत्न आणि यश' यावर प्रितमने चार शब्द सांगावेत. प्रितमने नम्रपणे जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

पुढच्या शनिवारी तो नेहमीसारखा लवकर उठला. आता निदान संशयाला जागा उरलेली नाही, या विचाराने त्याला बरं वाटत होतं. टोपी घालून तो गॅरेजमध्ये काठी घ्यायला गेला, कारण यापुढे काठी नेणं आलंच. काठी तिथे नव्हती. गाड्यांपैकी मोठी गाडीही नव्हती.

स्वयंपाकघरात जाईबाई चहा पीत बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं, की प्रणिता उजाडायच्या आत डार्लीनच्या बोटीतून गेली. बोटीत दोघांचीच जागा आहे, आणि डार्लीनचा नवरा गेल्यापासून ती जोडीदार शोधतच होती. आता थंडी संपेपर्यंत दर शनिवारी दोघी जाणार. तू वर्षभर थंडीवाऱ्यात बसलास, आता तुला घरी आराम मिळू दे, असं प्रणिता म्हणत होती. सलोनीचा क्लास नऊला आहे. येताना सामान आणायचंय. आणि पानं.

प्रितम खुर्चीत बसला. जाईबाईंनी कप धुऊन ठेवला आणि खांद्यावर शाल घेतली. पायात बूटही घालून त्या तयार होत्या.

"जाताना मला अनुपकडे सोडून दे," त्या म्हणाल्या.

"अनुपकडे? कशाला?"

"मासे धरायला."

प्रितमने आईकडे बघितलं. जाईबाई शालीची टोकं सारखी करत होत्या.

"मी आल्यापासून तुझे कपडे मीच मशीनमध्ये टाकते," त्या शांतपणे म्हणाल्या. "माशाचा वास एकदाही आला नाही. खिम्याचा दर शनिवारी आला. तो पोरगा लवंग जास्त टाकते."

"प्रणिताला सांगितलंस?"

"मी कशाला सांगू? मलाही शनिवारी घरात बसून कंटाळा येते."

अनुपने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात पावडरचा डबा होता. जाईबाईंना बघून तो जय भीम म्हणाला आणि चटकन डबा पाठीमागे लपवला. त्याच्या बाजूने वाकून जाईबाई पायऱ्या उतरायला लागल्या. खाली पोचल्यावर सोफा चांगला आहे म्हणाल्या, आणि नागपूरला रेल्वे क्वार्टरमध्ये असताना कॅरमला आपल्यासमोर कुणी बसत नसे, हेही सांगितलं. मग खालून फक्त सोंगट्या बोर्डावर ओतल्याचा आवाज आला. प्रितमने गाडी वळवली.

पोहण्याच्या तलावाजवळ पालकांसाठी लाकडी बाक होते. हवा उबदार आणि दमट होती, पाण्याचा एकसारखा आवाज येत होता. सलोनी पाण्यात उतरली. प्रितमने इकडेतिकडे बघितलं, जाकिटाची घडी करून डोक्याखाली घेतली आणि तो बाकावर आडवा झाला. डोळे मिटतात न मिटतात तोच शिट्टी वाजली. प्रशिक्षक मुलगी त्याच्यासमोर उभी होती. इथे झोपता येणार नाही, मूल पाण्यात असेपर्यंत पालकांनी पाण्याकडे लक्ष ठेवायचं असा नियम आहे, असं तिने अगदी गोड आवाजात सांगितलं.

प्रितम उठून ताठ बसला आणि पाण्याकडे बघायला लागला.